सात-बाऱ्यावरचं नाव आणि शेतातली माणसं

संपादकांनी यंदा विषय दिला, 'सरकार आणि शेतकरी'. घोषणा, पॅकेजं, अर्थसंकल्पातले कोटींचे आकडे यांवर घरबसल्या पुष्कळ लिहिता आलं असतं. मला मात्र एकच साधी गोष्ट पाहायची होती. शेतीसाठी म्हणून सरकार जो पैसा देतं, तो एखाद्या गावात नेमका कुणाच्या हाती पडतो? त्यासाठी बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका निवडला. धुळे-सोलापूर महामार्गावरचा हा तालुका. वरच्या अंगाला गोदावरी, शिवारातून गेलेला पैठणचा उजवा कालवा. कालव्याच्या पाण्याखाली ऊस, पाणी न पोचलेल्या भागात कापूस, तूर, सोयाबीन, बाजरी. एकाच गावात दहा-वीस एकरांचा ऊसवाला भेटतो आणि दिवाळीच्या पुढेमागे कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला जाणारं जोडपंही भेटतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. माणसांनी मोकळेपणाने सांगितलं, त्याचा त्यांना त्रास होऊ नये.

तालुक्याच्या ठिकाणी 'आपले सरकार' केंद्रात सकाळी दहापासूनच दाटी असते. एक संगणक, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र, आणि टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग. प्रत्येक पिशवीत तेच कागद: सात-बारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक. माझ्यासमोर एका म्हातारबाबांचा अंगठा यंत्र घेत नव्हतं. जन्मभर कासरा आणि खुरपं धरून बोटावरच्या रेषाच झिजलेल्या. केंद्रातल्या पोराने त्यांचं बोट ओल्या फडक्याने पुसलं, दुसरं बोट लावून पाहिलं, मग पुन्हा पहिलं. शेवटी म्हणाला, "बाबा, मोबाइलवर ओटीपी येईल, नंबर कुणाचा दिलाय?" नंबर मुलाचा होता आणि मुलगा पुण्यात कंपनीत रात्रपाळीला. बाबा पिशवी उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दोन हजारांचा हप्ता त्या एका अंगठ्यापाशी अडला होता.

नाव असेल तर

सर्वांत सरळ योजना पीएम-किसानची. वर्षाला 6000 रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट खात्यात. 2019 साली सुरू झाली तेव्हा दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. काही महिन्यांतच जमिनीची मर्यादा उठवली. प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर, दहा हजारांच्या वर पेन्शन घेणारे, डॉक्टर-वकील असे वगळले. महाराष्ट्राने 2023मध्ये त्यात 'नमो शेतकरी महासन्मान'चे आणखी 6000 घातले. म्हणजे पात्र कुटुंबाला वर्षाला 12 हजार.

गावात हिशेब विचारला तेव्हा गंमत न वाटता काळजीच वाटली. एका घरी चार भावांची वाटणी वेळेवर झाली, चौघांची नावं सात-बाऱ्यावर आली, चौघांना हप्ते मिळतात. शेजारच्या घरीही चारच भाऊ. पण जमीन अजून आजोबांच्या नावावर, कारण वारस नोंदीला एका आत्याची सही मिळत नाही. त्या घरात एक पैसा येत नाही. दोघांच्या जमिनीला एकच बांध आहे आणि पाऊसही एकच पडतो. पीएम-किसानसाठी 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख ठरलेली आहे. त्यानंतर जमीन विकत घेऊन नाव लागलं असेल तर हप्ता नाही, वारसाने लागलं तर मिळतो. त्यामुळे ऊसतोडीच्या पैशातून अलीकडे एक-दीड एकर घेतलेला माणूस बाहेर, आणि चाळीस एकरांचा वारस आत.

नाव असलं तरी ई-केवायसी, आधारला जोडलेलं बँक खातं आणि जमिनीच्या नोंदीची जोडणी ही तिन्ही कुलुपं उघडावी लागतात. आता त्यात शेतकरी ओळख क्रमांकाची भर पडली आहे. यातली प्रत्येक अट चुकीच्या माणसाला पैसा जाऊ नये म्हणून घातलेली आहे आणि तिचा उपयोगही झाला आहे. मधल्या हातांची गळती थांबली हे गावकरीही मान्य करतात. पण चुकीच्या माणसाला रोखणाऱ्या दारात बरोबर माणूसही अडकून बसतो, आणि त्याला आत घ्यायला दारावर कुणी नसतं.

आधी खिशातले पैसे

रोख हप्त्याहून मोठ्या रकमा वस्तूंच्या अनुदानात आहेत: ठिबक, ट्रॅक्टर, शेततळं, विहीर. ठिबकला अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेचे 55 टक्के आणि त्यावर राज्याची भर, असे मिळून 80 टक्के. इतरांना 75 टक्के. पाच हेक्टरपर्यंत. कागदावर यासारखी उदार योजना नाही, आणि ठिबकने या भागात पाणी वाचवलं, पीक वाढवलं, हे बांधावर उभं राहिलं की दिसतं.

आता हे अनुदान हाती कसं येतं ते पाहू. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर 23 रुपये 60 पैसे भरून अर्ज. पूर्वी सोडत निघायची. 2025पासून जो आधी अर्ज करील त्याला आधी. निवडीचा संदेश आला की सात-बारा, आठ-अ, विक्रेत्याचं कोटेशन चढवायचं. सात-बाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद हवी; पाणी असून नोंद नसेल तर तलाठ्याकडे चकरा. मग पूर्वसंमती. ती आल्यावर स्वतःच्या पैशाने संच खरेदी करायचा, शेतात बसवायचा, जीएसटीचं बिल चढवायचं. कृषी सहायक येऊन मोका तपासणी करतो, नळ्यांसकट शेतकऱ्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह घेतो. त्यानंतर निधी असेल तसं अनुदान खात्यात. निधी नसेल तर महिनोन्महिने वाट.

या साखळीतली सर्वांत जड कडी म्हणजे आधी खर्च. ज्याच्याकडे उसाचं बिल आलेलं आहे, त्याला ती जड जात नाही. ज्याच्याकडे नाही, तो सावकाराकडे जातो आणि अनुदान येईपर्यंतच्या व्याजातच अर्धा लाभ जिरतो. नाहीतर अर्जच करत नाही. ट्रॅक्टरचंही तसंच. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींसाठी अनुदानाची कमाल सव्वा लाख रुपये. पण सहा-सात लाखांच्या ट्रॅक्टरमधले सव्वा लाख मिळवायला आधी उरलेल्या पाच-साडेपाच लाखांची ताकद लागते. दोन एकरवाला ती आणणार कुठून?

तालुक्यातल्या एका ठिबक विक्रेत्याने सरळ सांगितलं की अर्ध्याहून जास्त फाइली त्याच्या दुकानातूनच तयार होतात. अर्ज सुरू झाले की तो ओळखीच्या शेतकऱ्यांना फोन करतो. त्यात वाईट काही नाही, त्याचा तो धंदा आहे आणि शेतकऱ्याचीही सोय होते. पण 'आधी येईल त्याला आधी' या नियमात ज्याचा नंबर विक्रेत्याच्या फोनमध्ये आहे तोच आधी येतो. वस्तीवरच्या, तांड्यावरच्या माणसाला बातमी पोचते तेव्हा रांग लांब झालेली असते.

जागतिक बँकेच्या मदतीने 2018पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे गावाच्या भाषेत 'पोकरा'त, थोडा वेगळा विचार होता. राज्यातली पाच हजारांहून जास्त गावं त्यात होती, बीडमधलीही. दोन हेक्टरपर्यंत 75 टक्के, दोन ते पाच हेक्टरवाल्यांना 65 टक्के, आणि निवडीत गावच्या समितीचा हात. भूमिहीनांसाठी शेळीपालनासारख्या बाबी होत्या. आधी खर्च करण्याची अडचण तिथेही सुटली नव्हती, पण गावात कुणाला काय मिळालं ते गावाला कळत होतं. एवढ्यानेही फरक पडतो.

ज्याला कुणी अनुदान म्हणत नाही

पारावर बसलेल्यांना विचारलं, सरकारकडून सर्वांत जास्त पैसा कशातून येतो? उत्तर आलं, पीएम-किसान. तसं नाही. केंद्राची पीएम-किसानची वर्षाची तरतूद साठ हजार कोटींच्या आसपास असते, खताच्या अनुदानाची दीड लाख कोटींच्या वर. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. तिचा खरा खर्च कित्येक पट आहे आणि फरक सरकार कंपनीला देतं. दुकानात अंगठा लावला की गोणी मिळते. पण गोण्या जातात कुठे? कोरडवाहू बाजरीवाला एकरी जेमतेम एखादी गोणी टाकतो. उसाला, तेही दहा एकर उसाला, किती लागतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. जितकं पाणी, तितकं खत, तितकं अनुदान.

विजेचंही हेच गणित. एप्रिल 2024पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीज मोफत आहे. लाभ सुमारे 44 लाख ग्राहकांना, राज्यावर वर्षाचा भार 14 हजार कोटींच्या वर. ज्याच्याकडे विहीर आहे, पंप आहे, वीजजोडणी आहे, त्याचं बिल शून्य झालं. ज्याच्याकडे पाणीच नाही त्याच्या वाट्याला यातलं काही नाही. बागायतदाराला हे मिळू नये असं मी म्हणत नाही. उसाचं अर्थशास्त्रही फार सुखाचं राहिलेलं नाही. पण सरकारी पैशाचा सर्वांत मोठा ओघ जिथे आधीच पाणी आहे तिथेच वळतो, हे उघड बोललं पाहिजे. कोरडवाहू माणूस दोन हजारांच्या हप्त्यासाठी रांगेत उभा दिसतो म्हणून तोच सरकारच्या जिवावर जगतो असा समज होतो. तो समज खोटा आहे.

बटईदाराचं नाव कुठेच नाही

शिवारात फिरताना कापसाच्या एका रानात नवरा-बायको पहिली वेचणी करताना भेटले. बोंडं भरली होती, पण अर्धी काळी पडलेली, पावसाने मार खाल्लेली. रान कुणाचं विचारलं. "मालक संभाजीनगरला असतेत. आम्ही निम्म्यानं करतोय," बाई म्हणाल्या. बी-खताचा खर्च निम्मा, राबणूक सगळी यांची, मालात अर्धा वाटा. बोली गुढीपाडव्याला होते, तोंडी. काही ठिकाणी ठोक्याने, म्हणजे एकरी ठरलेली रक्कम आधीच मोजून. अशी रानं गावात किती, याचा कुठेही पत्ता नाही, कारण ही बोली कागदावर नसते.

सप्टेंबर 2025च्या अतिवृष्टीत मराठवाडा पाण्याखाली गेला. सरकारने मोठं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी 8500 रुपये, जास्तीत जास्त तीन हेक्टर, शिवाय रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार. पंचनामा गटाचा झाला, पैसे सात-बाऱ्यावरच्या खात्यात गेले. या जोडप्याच्या मालकाने त्यातले निम्मे आणून दिले. "देवमाणूस हाये," असं बाई दोनदा म्हणाल्या. पलीकडच्या रानातल्या बटईदाराला मालकाने काहीच दिलं नाही आणि तो मागायलाही गेला नाही, कारण पुढच्या पाडव्याला रान दुसऱ्याला जाईल. बुडालेल्या पिकाची भरपाई मालकाच्या चांगुलपणावर सोडलेली आहे. भरपाईचा हा मार्ग नव्हे.

मालक लिहून का देत नाहीत? त्यामागे भीती आहे आणि ती पोकळ नाही. कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. पश्चिम महाराष्ट्रात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. मराठवाड्याला हैदराबादचा 1950चा कायदा लागू होता. लाखो कुळं त्यामुळे मालक झाली आणि ते फार मोठं काम झालं. पण त्या आठवणीने आजचा मालक, मग तो चार एकरांचा शिक्षक का असेना, कागदावर दुसऱ्याचं नाव येऊ देत नाही. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या धाकानेच आजचा कसणारा अदृश्य झाला आहे.

एक रुपयाच्या विम्याने काय शिकवलं

2023च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीक विमा आणला. शेतकऱ्याचा बाकी हप्ता सरकारने भरायचा. अर्जांची संख्या दीड कोटींच्या पुढे गेली. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांना विमा कंपनीकडून अर्जामागे 40 रुपये मिळायचे. पुढे उघडकीस आलं की सरकारी, देवस्थानच्या, दुसऱ्याच्या जमिनीवर विमे उतरवले गेले होते. बीड जिल्ह्याचं नाव त्यात ठळक होतं. 2025च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पूर्ववत आला: खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना 5 टक्के. अवकाळी, गारपीट, पेरणीच न होणं यासाठी मिळणारी स्वतंत्र भरपाईही गेली; आता सगळी मदार पीक कापणी प्रयोगावर.

या प्रकरणात सर्वांत जास्त कोण पोळलं? बटईदार. विमा योजनेच्या नियमांत बटईदार आणि कूळ यांना विमा घेता येतो. पण बनावट करारांच्या तक्रारी वाढल्यावर राज्याने नोंदणीकृत भाडेकराराची अट घातली. जो मालक साध्या कागदावर सही करत नाही, तो दुय्यम निबंधकाकडे येऊन नोंदणी करून देणार कसा? ठगांना रोखायला लावलेलं कुलूप खऱ्या कसणाऱ्याच्याच दाराला बसलं.

तिच्या हातात खुरपं, त्याच्या नावावर उतारा

कापसाची सरकी टोबण्यापासून वेचणीपर्यंत बायकांचे हात पाहिले आणि मग केंद्रातली रांग पाहिली, तर तिथे बायकांचा पत्ताच नसल्यासारखा. 2015-16च्या कृषी गणनेत देशभरात बायकांच्या नावे जेमतेम 14 टक्के वहिती खाती होती. महाराष्ट्रात या प्रश्नाला मोठी परंपरा आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. 1992मध्ये सरकारने त्याचा शासन निर्णय काढला. पतीच्या हयातीतच पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. गावात तिशीतल्या पाच-सहा जणांना विचारलं. हे कुणीच ऐकलेलं नव्हतं.

त्याची किंमत नवरा गेल्यावर कळते. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देतं, 30 हजार हाती आणि 70 हजार ठेवीत. पण जमीन कुटुंबाच्या नावावर हवी आणि कर्ज अधिकृत हवं. बटईने करणारा, सावकाराचं कर्ज असलेला माणूस गेला तर प्रकरण 'अपात्र'. अशा एका ताईंना भेटले. त्या आता मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. दिराच्या मनात असेल तेव्हा वारस नोंद होईल, तोवर नवऱ्याच्या हिश्शाच्या दीड एकरावर त्यांना ना हप्ता, ना विमा, ना कर्ज. मदत मागताना त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझं नाव लावा, बाकी मी बघते."

गावच्या टोकाला गायरान आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्यानंतर मराठवाड्यातल्या दलित कुटुंबांनी अशी गायरानं मोडून वहितीखाली आणली. 14 एप्रिल 1990पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय सरकारने घेतला, तरी कित्येक कुटुंबांची नावं अजून सात-बाऱ्यावर नाहीत. तीन पिढ्या कसलेली जमीन आणि योजनांच्या लेखी शेतकरी नाहीत. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला विहिरीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे, पण तिलाही मालकीचा उतारा लागतो. ज्यांच्यासाठी योजना, त्यांच्याकडेच तिची पहिली अट नाही.

वाट आहे

कोण कसतं हे लिहून ठेवणं अशक्य नाही. जुन्या सात-बारा उताऱ्यावर 'जमीन करणाऱ्याचे नाव' आणि 'रीत' असे रकानेच होते. आंध्र प्रदेशने 2019मध्ये कायदा करून बटईदारांना पीक लागवडीचं कार्ड दिलं. ते अकरा महिन्यांचं असतं आणि मालकी हक्काला त्याने धक्का लागत नाही. ओडिशाने 'कालिया' योजनेत बटईदार आणि भूमिहीन शेतमजुरांना घेतलं. नीती आयोगाने 2016मध्येच जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला. स्वामिनाथन आयोगाच्या कामातून आलेल्या 2007च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने तर बटईदार, कूळ, शेतमजूर, स्त्रिया सगळ्यांना शेतकरी म्हटलं आहे.

महाराष्ट्राकडे 2021पासून ई-पीक पाहणी आहे. दर हंगामाला बांधावरून पिकाचा फोटो चढतो. त्याच पाहणीत प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव त्या हंगामापुरतं घेता येईल, त्यातून मालकीचा हक्क निर्माण होणार नाही असं कायद्यात स्पष्ट लिहून. अतिवृष्टीची मदत आणि विमा त्या नावाला द्यावा. जमिनीचा पैसा मालकाला, पिकाचा पैसा पिकवणाऱ्याला. ठिबक-ट्रॅक्टरचं अनुदान अल्पभूधारकासाठी थेट विक्रेत्याला द्यावं, म्हणजे त्याला फक्त आपला हिस्सा भरावा लागेल. आणि कुणाला काय मिळालं याची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी.

सरकार हे करील तेव्हा करील. हा अंक हाती घेतलेल्या कितीतरी वाचकांचं नाव गावाकडच्या एखाद्या सात-बाऱ्यावर असेल आणि शेत दुसरा कुणी करत असेल. अशा वाचकांना माझी विनंती आहे. या पाडव्याला बोली करताना नुकसानभरपाई आली तर कसणाऱ्याचा वाटा किती, हे आधी ठरवा आणि आलेली रक्कम त्याला द्या. घरातली वारस नोंद अडली असेल, तुमच्या सहीवाचून अडली असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत तलाठी कार्यालयात जाऊन ती पूर्ण करा. आणि शेतात राबणाऱ्या बायकोचं, वहिनीचं, सुनेचं नाव उताऱ्यावर लावा. या तिन्ही गोष्टींना नव्या शासन निर्णयाची गरज नाही.